कासची फुले आणि संमेलनाचा मंच: कॅमेरा कोणता घ्यावा?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी भाद्रपदात मुलांना घेऊन कासच्या पठारावर जाते आणि तिथल्या फुलांची सचित्र नोंदवही आम्ही करतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढण्याचे कामही गेल्या चार वर्षांपासून माझ्याकडेच आहे. आजवर हे सारे मोबाइलवर भागवले, पण संमेलनाचे फोटो फलकासाठी मोठे छापले की मुलांचे हात पुसल्यासारखे आणि चेहरे मेणासारखे दिसतात. यंदा चाळीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. यजमान म्हणतात, पर्समध्ये मावेल असा पातळ डिजिटल कॅमेरा घे, म्हणजे तो रोज जवळ राहील. भाचा म्हणतो, आत्या, घ्यायचाच तर डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येतात तो मोठा कॅमेरा घे, अगदी सुरुवातीचा का असेना. दुकानात दोन्ही पाहिले. एकावर २० आणि दुसऱ्यावर २४ मेगापिक्सेल लिहिलेले होते. एवढाच फरक असेल, तर एवढे वजन कशासाठी वाहायचे? माझ्या उजव्या मनगटाला जुनी दुखापत आहे, हेही सांगते. कृपया मार्गदर्शन करावे.
एक शिक्षिका, शाहूपुरी, सातारा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण प्रश्न एकच विचारला असला, तरी कॅमेऱ्याकडून आपल्याला कामे दोन करून घ्यायची आहेत, आणि ती दोन कामे एकमेकांपासून फार लांब आहेत. कासला भरपूर उजेड असतो आणि फूल जागचे हलत नाही (वाऱ्याने डोलते, तेवढेच), तर संमेलनात उजेड तोकडा असतो आणि मुले क्षणभरही स्थिर नसतात. आपले यजमान आणि आपला भाचा आपापल्या परीने बरोबरच सांगत आहेत. यजमानांच्या डोळ्यांसमोर कास आहे आणि भाच्याच्या डोळ्यांसमोर संमेलन आहे, इतकेच.

मेगापिक्सेलचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण दुकानातील पाटीवर तोच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. ए-४ कागदावर उत्तम प्रतीची छपाई करायला सुमारे पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. म्हणजे आपण पाहिलेले दोन्ही कॅमेरे या बाबतीत गरजेच्या दुपटीहून पुढे आहेत आणि २० की २४ या हिशेबाने आपल्या फलकावर काहीही फरक पडणार नाही. फरक आहे तो हे पिक्सेल केवढ्या जागेत बसवले आहेत याचा. पातळ कॅमेऱ्यातील सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, साधारणपणे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. कॅननच्या सुरुवातीच्या डीएसएलआरमधील सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटरचा असतो आणि निकॉनचा त्याहून किंचित मोठा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर हा फरक जवळजवळ बारा पट भरतो. वळचणीला एक वाटी आणि एक घंगाळ शेजारी शेजारी ठेवले, तर सर मोठी असताना दोन्ही भरतात आणि कुणाची तक्रार राहत नाही. पाऊस भुरभुरता असला की वाटीचा तळही नीट ओला होत नाही. संमेलनाच्या सभागृहातला उजेड हा असा भुरभुरता पाऊस आहे.

आपल्या फोटोंतील मेणासारखे चेहरे यातूनच येतात. उजेड कमी पडला की कॅमेरा मिळालेला संकेत वाढवतो, त्यात दाणेदार गोंधळ उमटतो आणि तो पुसताना त्वचेचा पोत, केसांच्या बटा, नऊवारीच्या काठाची वीण असे सारे बारीक तपशील त्याच्याबरोबर पुसले जातात. इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. आजच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या मोबाइलमधील मुख्य सेन्सर या पातळ कॅमेऱ्यांतील सेन्सरपेक्षा मोठा असतो. तेव्हा संमेलनाचे फोटो सुधारावेत म्हणून आपण पातळ कॅमेरा घेतलात, तर पैसे खर्च करून आपण होतो तिथेच, किंवा कदाचित एक पायरी खाली, राहाल. त्या कॅमेऱ्याचे खरे बळ झूममध्ये आहे. उदाहरणार्थ, कॅननच्या इक्सस २८५ एचएस या १४७ ग्रॅमच्या कॅमेऱ्यात बारा पट ऑप्टिकल झूम आहे, पण पूर्ण झूमवर त्याच्या लेन्सचे तोंड एफ/७ इतके आकसते (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके तोंड लहान), आणि आधीच लहान असलेल्या सेन्सरपर्यंत पोहोचणारा उजेड आणखी रोडावतो.

मात्र भाच्याचे म्हणणेही जसेच्या तसे मान्य करू नका. डीएसएलआरबरोबर जी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स मिळते, तीसुद्धा ५५ मिलिमीटरला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. साताऱ्या-वाईकडच्या शाळांची संमेलने मी बरीच वर्षे टिपत आलो आहे. मंचावर चार-सहा दिवे असतात, त्यांतले दोन रंगीत कागद लावलेले. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनक्षमता, १६०० ठेवून किट लेन्सने मोजमाप केले की शटरचा वेग बहुतेक वेळा सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास येतो. एवढ्या वेळात लेझीम खेळणाऱ्या मुलाचा हात वीतभर पुढे गेलेला असतो, आणि फोटोत त्या हाताच्या जागी नुसता एक फराटा उमटतो. कॅमेरा स्वतः स्थिर राहावा म्हणून लेन्समध्ये जी सोय असते, ती फक्त आपल्या हाताचा कंप थोपवते, मुलाचा हात थोपवू शकत नाही. मोठा सेन्सर आला, पण फराटा तसाच राहिला, अशी निराशा मी अनेक पालकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. मग तो कॅमेरा कपाटात जातो आणि दोष मात्र डीएसएलआरला लागतो.

या दुखण्यावरचे औषध म्हणजे ५० मिलिमीटर एफ/१.८ ही छोटी, झूम नसलेली लेन्स. कॅननची सध्याची अशी लेन्स अवघी १६० ग्रॅमची आहे. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ ला साडेनऊ पटींहून अधिक उजेड आत येतो. अगदी पूर्ण न उघडता एफ/२.२ वर ठेवली, तरी त्याच मंचावर तोच वेग पंधराव्या भागावरून शंभराव्या भागावर येतो, आणि आयएसओ ३२०० केला तर दोनशेव्या भागावर. मोठ्या सेन्सरला ३२०० सहज झेपतो. मी म्हणेन की आपल्या कामासाठी ही लेन्स नसलेला डीएसएलआर म्हणजे अर्धवट खरेदी आहे, आणि ती घ्यायची नसेल तर डीएसएलआर घेऊच नका.

आता कासकडे येऊ. इथे पातळ कॅमेऱ्याची बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या पठारावर जी फुले आपण मुलांना दाखवता, त्यांतली कितीतरी बोटाच्या पेरापेक्षाही लहान आहेत. दवबिंदूचेच उदाहरण घ्या. त्याच्या पानावरील तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकावरचा चिकट थेंब आणि त्यात अडकलेले चिलट, हे सारे करंगळीच्या नखाएवढ्या जागेत असते. पातळ कॅमेरा झूम न वापरता असल्या वस्तूच्या अगदी एक सेंटिमीटर जवळ जाऊ शकतो, आणि सेन्सर लहान असल्यामुळे फोटोत खोलवर स्पष्टता राहते. पुढचा थेंब, मागचे पान, बाजूचा ओला कातळ आणि शेजारची सीतेची आसवे, सर्व ओळखू येईल असे उमटते. नोंदवहीला हेच हवे असते, कारण झाड कुठे आणि कशाच्या संगतीत उगवले आहे, हे विद्यार्थ्याला दिसले पाहिजे. डीएसएलआरच्या किट लेन्सने तेच फूल शक्य तितक्या जवळून, एफ/५.६ ला टिपले, तर स्पष्टतेची जाडी भरते जेमतेम अडीच मिलिमीटर. एक पाकळी रेखीव आणि बाकीचे फूल धुक्यात. दिसायला सुरेख, पण ओळख पटवायला निरुपयोगी. एफ/११ केले तर जाडी पाच मिलिमीटरपर्यंत जाते, पण उजेड एक चतुर्थांश होतो, आणि पठारावरचा वारा देठ स्थिर राहू देत नाही.

तरीही एक अडचण आहे, आणि ती आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. एक सेंटिमीटरवर जायचे तर फुलापर्यंत पोहोचावे लागते, आणि पायवाट सोडून गालिच्यात पाय टाकायचा नाही, हे आपणच मुलांना बजावत असणार. तेरडा, सोनकी, गेंद यांचे ताटवे पायवाटेपासून हात-दोन हात आत असले, की जवळून टिपण्याची ती सोय कामाची राहत नाही आणि झूम लागतो. तिथेही पातळ कॅमेरा किट लेन्सच्या साडेतीन पटींच्या आसपास पुढे पोहोचतो. एका फोटोसाठी चिरडलेले रोप त्या हंगामात पुन्हा उभे राहत नाही, म्हणून ही बाब मी कॅमेऱ्याच्या गुणावगुणांइतकीच महत्त्वाची मानतो. डीएसएलआर घेतलात, तर पुढील वर्षी कधीतरी ५५-२५० मिलिमीटरची लेन्स घ्यावी. ती सुमारे ८५ सेंटिमीटरवरून फूल भरगच्च टिपते, म्हणजे पायवाटेवर उभे राहूनच काम होते. तोवर पायवाटेच्या अगदी कडेची फुले मोबाइलने टिपावीत. भर दुपारी पठारावर पडद्यावरचे काही दिसत नाही. पातळ कॅमेऱ्याला पडदाच तेवढा असतो, तर डीएसएलआरला डोळा लावून बघायची खिडकी असते. हा फरक लहान वाटतो, पण तासाभरात डोळे तो जाणवून देतात.

सहलीला मुलांना लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीवर नेत असाल, तर आणखी एक भेद तिथे उमजेल. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधलेल्या त्या विहिरीत उतरताना वर आभाळ झगझगीत आणि आत कमानी काळोखात, असा प्रसंग असतो. पातळ कॅमेरे बहुधा फक्त जेपेग फाइल देतात. तिच्यात प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, आणि अंधारलेला दगड एकदा काळा उमटला की काळाच राहतो. कॅननच्या डीएसएलआरच्या १४ बिटच्या रॉ (सेन्सरने टिपलेल्या मूळ) फाइलमध्ये अशा १६,३८४ पायऱ्या असतात. घरी संगणकावर सावल्या उजळल्या तर कमानीवरचे कोरीवकाम बऱ्यापैकी वर येते. यासाठी संगणकावर थोडा वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यायची तयारी नसेल तर या गुणाला किंमत नाही.

मनगटाची गोष्ट मी मुद्दाम वेगळी ठेवली, कारण शेवटी निर्णय तीच करील. कॅनन ईओएस १५००डी किट लेन्ससह सुमारे ६७५ ग्रॅम भरतो आणि निकॉन डी३५०० सुमारे ६२० ग्रॅम. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत ६५० मिलिलिटर पाणी भरा आणि संध्याकाळी अर्धा तास, दर मिनिटाला एकदा, ती डोळ्यांपर्यंत उचलून पाच सेकंद धरा. धरताना सर्व भार डाव्या तळहातावर घ्या, डावे कोपर बरगडीला टेकवा आणि उजव्या हाताने नुसता आधार द्या, कारण कॅमेराही असाच धरायचा असतो. लेन्सखाली डावा तळवा असला की उजव्या मनगटावर फारसा भार येत नाही. पट्टा मानेत न अडकवता खांद्यावरून तिरका घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट कुरकुरले नाही, तर डीएसएलआर घ्या. कुरकुरले, तर कोणताही विचार न करता पातळ कॅमेरा घ्या, कासचा आनंद मनसोक्त घ्या, आणि संमेलनाच्या त्या एका संध्याकाळपुरता शाळेने एखादा छायाचित्रकार सांगावा. दुखऱ्या हाताने फोटो काढत राहणे कोणत्याही कॅमेऱ्यासाठी योग्य नाही.

मनगटाने होकार दिला असे धरून खरेदीबद्दल सांगतो. चाळीसपैकी बारा-तेरा हजार रुपये ५० मिलिमीटरची लेन्स, कार्ड आणि हवाबंद डबा यांसाठी आधीच बाजूला काढा, आणि उरलेल्यात वापरलेली बॉडी (लेन्सविना कॅमेरा) किट लेन्ससह पाहा. मोठ्या कंपन्यांचे सारे लक्ष आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांकडे गेले आहे, त्यामुळे चांगल्या स्थितीतले डीएसएलआर बाजारात पुष्कळ येतात. मिररलेस आपल्या रकमेत एका लेन्सच्या पुढे जाऊ देणार नाही, म्हणून त्या वाटेला मी आपल्याला नेत नाही. उलट, तरुण मुलांना जुन्या डिजिकॅमची पुन्हा हौस लागल्यामुळे पातळ कॅमेऱ्यांना त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त भाव सांगितला जातो, हेही ध्यानात असू द्या.

वापरलेला कॅमेरा हातात आला की तीन गोष्टी तिथेच पाहा. लेन्स एफ/१६ वर ठेवून स्वच्छ आभाळाचा फोटो काढा आणि तो पडद्यावर मोठा करून पाहा. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके दिसतील. दुसरे, शटर किती वेळा चालले आहे ते विचारा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो, कॅननच्या साध्या फाइलमध्ये तो सापडत नाही. या वर्गातील शटरचे आयुष्य साधारण एक लाख धरतात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, लेन्स काढून तिच्यातून मोबाइलच्या विजेरीचा झोत तिरका पाडा आणि दुसऱ्या बाजूने आत पाहा. काच नितळ दिसली पाहिजे. निकॉनची बॉडी घेत असाल तर आणखी एक सावधगिरी हवी. तिच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे ५० मिलिमीटरची जुनी, स्वस्त लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. कॅननमध्ये ही अडचण येत नाही. बॅटरी एकदा भरली की १५००डी सुमारे ५०० फोटो काढतो आणि इक्सस २८५ सुमारे १८०, तेव्हा पातळ कॅमेऱ्याकडे वळलात तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या.

विजेरीच्या झोताचा आग्रह मी का धरतो, ते सांगतो. उमेदवारीच्या वर्षांत मी एक चांगली लेन्स जूनमध्ये चामड्याच्या पिशवीत घालून लाकडी कपाटात ठेवली. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढली, तेव्हा पुढच्या काचेच्या आतल्या बाजूने पांढरे तंतू कडेपासून मध्यापर्यंत पसरले होते, जणू कोळ्याने जाळे विणावे तसे. ती बुरशी होती. कारागिराने ती पुसली, पण काचेवरचा लेप तिने खाल्ला होता आणि दिव्याकडे रोखलेल्या प्रत्येक फोटोत त्यानंतर एक दुधट पडदा येत राहिला. आपल्याकडे आषाढ-श्रावणात मीठसुद्धा पाणी धरते, मग लेन्सचा काय पाड? रबराची कडी असलेला हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, तिच्या मण्यांचा रंग पालटला की बदला, आणि चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कॅमेरा रात्रभर राहू देऊ नका. पठारावरून भिजून आलात, तर आधी कोरड्या कापडाने टिपून, तासभर पंख्याखाली ठेवून मगच डब्यात घाला. आठवड्यातून एकदा तो बाहेर काढून चार फोटो काढले, तरी लेन्सला हवा लागते.

संमेलनाच्या अंतिम तालमीला कॅमेरा घेऊन जा, कारण प्रत्यक्ष कार्यक्रमात शिकायला उसंत मिळत नाही. पहिल्या रांगेच्या टोकाची खुर्ची मागून घ्या. तिथून मंच साधारण सहा मीटरवर असेल, तर ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये सुमारे पावणेतीन मीटर रुंदीचा भाग मावतो, म्हणजे तीन-चार मुले. एफ/२.२, शटर १/२०० आणि आयएसओ ३२०० असे हातानेच ठरवून ठेवा आणि फ्लॅश बंद करा, कारण अंगचा फ्लॅश मंचापर्यंत नीट पोहोचत नाही आणि पुढच्या रांगेतील डोक्यांवर मात्र पांढरा पडतो. फोकसचा मधला बिंदू निवडून तो मुलीच्या डोळ्यांवर धरा. या लेन्सला त्या अंतरावर पुढे-मागे मिळून मीटरभर स्पष्टता मिळते, त्यामुळे एका ओळीत उभ्या असलेल्या मुली नीट येतील, पण मागची रांग मवाळ दिसेल, हे गृहीत धरा. अख्ख्या वर्गाचा फोटो किट लेन्सने घ्यायचा असतो, आणि तो नाच संपल्यावर मुले हात जोडून थांबतात त्या दोन-तीन सेकंदांत. म्हणून कोणत्या कार्यक्रमानंतर लेन्स बदलायची ते तालमीतच कागदावर लिहून ठेवा. अंधारात, घाईने लेन्स बदलताना ती हातून निसटते किंवा धूळ आत जाते. बदलायची वेळ आली की कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरा, आणि दुसऱ्या लेन्सचे मागचे झाकण आधी काढून ती मांडीवर तयार ठेवा.